टिमकीचं शेवटचं पान

पैज लागली की उंदरांची अक्कल बिळातच राहते. टिमकीचं तेच झालं.

टिमकी म्हणजे उंदराचं पिल्लू. एवढंसं. तिच्याकडं गोष्टीचं पुस्तक होतं. रोज दिवे लागले की आई ते उघडायची. आई वाचायची, टिमकी चित्रावर बोट ठेवायची.

एकदा आई दाणे आणायला गेली. सरडा आला. म्हणाला, "पुस्तक डोक्यावर घेऊन कुंपणावरनं चालशील? नाही जमायचं तुला."

"हॅ, त्यात काय," टिमकी म्हणाली.

चालली टुणुक टुणुक. कुंपण हललं डुगडुग. पुस्तक पडलं धप्प. शेवटचं पान फाटलं टर्रर्र. उडालं भुर्रर्र. अडकलं बाभळीच्या काट्यात.

आणि सरडा? सरडा पसार.

आता आई येईल. पान मागेल. टिमकीनं राहिलेलं पुस्तक काखोटीला मारलं. निघाली टुणुक टुणुक.

"बाभळीबाई, बाभळीबाई, पान मिळेना. आई येईल. फांदी हलव ना."

"मी नाही हलत. बकरी माझा पाला ओढते. आधी तिला हटव."

ऊन उतरलं. टिमकी निघाली टुणुक टुणुक.

"बकरीमावशी, बकरीमावशी, बाभूळ हलेना, पान मिळेना. आई येईल. बाजूला हट ना."

"मी नाही हटत. पाला संपला, काटे चघळतेय. पण जाऊ कुठं? खुंट्याला बांधलंय मला. आधी त्याला काढ."

ऊन आणखी उतरलं. टिमकी निघाली टुणुक टुणुक.

"खुंटेराव, खुंटेराव, बकरी हटेना, बाभूळ हलेना, पान मिळेना. आई येईल. वर ये ना."

"मी नाही येत. पाय आहेत का मला? बाळाच्या बाबांनी ठोकलंय, तेच उपटतील. आधी त्यांना उठव."

सावली लांब झाली. टिमकी निघाली टुणुक टुणुक.

"बाळाचे बाबा, बाळाचे बाबा, खुंटा निघेना, बकरी हटेना, बाभूळ हलेना, पान मिळेना. आई येईल. उठा ना."

"मी नाही उठत. मांडीवर बाळ रडतंय. खुळखुळा झाला, केळं झालं, घोडा घोडा झाला. आधी त्याला थांबव."

ऊन कौलावर गेलं. टिमकीला रडूच यायला लागलं.

"बाळा, बाळा, बाबा उठेनात, खुंटा निघेना, बकरी हटेना, बाभूळ हलेना, पान मिळेना. आई येईल. रडू नको ना."

"ब्यँऽऽ. गोष्ट. ब्यँऽऽ."

बाबा म्हणाले, "गोष्ट काय, गोष्ट? त्याला कुठं वाचता येतं?"

"मला तरी कुठं येतं," टिमकी म्हणाली. तिनं पुस्तक उघडलं. चित्रावर बोट ठेवलं. "हे कोण?"

बाळ हुंदका विसरलं. "बदक."

"बदक काय करतंय?"

"बुटात डोकं."

"अडकलं डोकं. पॅक पॅक. मग?"

बाळानं पान उलटलं. पुढं काहीच नाही.

"मग?" बाळ म्हणालं.

"मग ते तिकडं बाभळीवर आहे."

बाळ गप्प. एकदम गप्प. टक लावून बाभळीकडं बघत बसलं.

बाळ थांबलं, बाबा उठले. बाबा उठले, खुंटा निघाला. खुंटा निघाला, बकरी हटली. बकरी हटली, बाभूळ हलली. बाभूळ हलली, पान आलं भिरभिर भिरभिर.

बाबांनी पान पुस्तकात ठेवलं. बाळानं त्यावर बोट ठेवलं, बाबांनी वाचलं. बदकाच्या आईनं शेपूट धरलं. ओढलं. पॉक. निघालं डोकं.

"परत," बाळ म्हणालं.

बाबांनी परत वाचलं. पॉक.

तेवढ्यात दिवे लागले. टिमकीची आई आली. फाटलेली कड बघितली. "हे कुणी केलं?"

टिमकी हळूच म्हणाली, "पुस्तक मी बाहेर नेलं. पण कुंपण कसं हललं, कळलंच नाही."

कुंपणामागं कुणीतरी लाल झालं. नाकापासनं शेपटीपर्यंत लालेलाल.

"काकू," सरडा म्हणाला, "कुंपण मी हलवलं."