एका हाताचा चाकू

चाकू माणसांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. खोटी वाटली तर समुद्राला विचारा.

पोशा नाखवा जत्रेत खिशात ठेवायला मिटता चाकू घ्यायला आला. शेजारच्या कोळणीच्या घमेल्यातल्या पाण्यात त्यानं उजवा हात बुडवला, डावा पाठीमागे धरला आणि एकेक चाकू ओल्या हातानं उघडून बघू लागला.

चांदीच्या मुठीचा चाकू काही केल्या उघडेना. वर म्हणाला, "दोन्ही हात लाव की! मी काय भुईमुगाची शेंग आहे, एका चिमटीत उघडायला?"

"दर्यावर दुसरा हात मोकळा नसतो, बाबा."

लाकडी मुठीचा, सगळ्यांत स्वस्त चाकू मात्र अंगठा लागताच उघडला. "मलाच न्या, नाखवा. देखणा नाही, पण हट्टीही नाही."

आठवड्याभरात पोशाच्या जाळ्यात देवमासा अडकला. जाळ्याचा दोर धाकट्या भावाच्या, हिरूच्या पायाला गुंडाळला गेला आणि देवमासा तळाकडे निघाला.

"दादूस, सोडू नको!"

पोशानं डाव्या हातानं हिरूचं मनगट धरलं, उजव्यानं चाकू उघडला आणि दोन ओढींत दोर कापला.

हिरू होडीत पडला. तेवढ्यात दर्या डोंगरासारखा फुगला, अंगावरचं सैल झालेलं जाळं झटकत देवमासा वर आला आणि त्याचा परातीएवढा डोळा होडीला टेकला.

"मला कोणी सोडवलं?" त्या आवाजानं होडीच्या फळ्या थरथरल्या.

त्या अथांग डोळ्यात बडबड्या चाकूला आपलं बोटभर पातं दिसलं, आणि माणसं हात जोडतात तसं त्यानं ते हळूच मिटलं.