टिचकीची एवढीशी खळी

एक होती उंदराची पोर. नाव तिचं टिचकी.

केवढी होती? एवढीशी! दाखव बघू तुझा अंगठा. हं, बरोब्बर तेवढी! शेपटी नाही हं मोजायची.

टिचकी राहायची गोदूमावशीच्या स्वयंपाकघरात. पिठाच्या डब्यामागे. मावशीला ते ठाऊक होतं. मावशी काही बोलायची नाही. हां, कधी कधी बोलायची. "टिचके, पिठात पाय नको गं बाई!"

एके दिवशी काय झालं? मावशीने बिस्किटं करायला घेतली. तूप फेटलं, फटक फटक. साखर घातली, सर्र सर्र. पीठ मळलं, थप थप. मग गोल गोल गोळे वळले आणि ताटलीत मांडले.

आणि मावशीने हाक मारली, "चला गं, चला रे, अंगठे आणा!"

मावशीच्या घरची रीतच होती तशी. गोळ्यावर अंगठा दाबायचा. अंगठा ज्याचा, बिस्कीट त्याचं.

बापूकाका आले. त्यांचा अंगठा जाडजूड. डुब्ब! झाली मोठ्ठी खळी.

मावशीने दाबला अंगठा. डुब! झाली मधली खळी.

मावशीची धाकटी लेक रेवू आली. तिने दाबला. डुप! झाली छोटी खळी.

मग टिचकी आली. तुरुतुरु तुरुतुरु! सगळ्यात छोट्या गोळ्यावर चढली. पंजाचा अंगठा दाबला. टुक्! झाली खळी. केवढी? एवढीशी! मोहरीचा दाणा बसेल, एवढीशी.

"झाली! माझी खळी झाली!" टिचकी नाचायलाच लागली.

आता खळीत काय भरायचं? लिंबाचा पाक! पिवळा पिवळा. आंबट आंबट. गोड गोड. सुटलं ना तोंडाला पाणी?

मावशीने वाटी घेतली, चमचा घेतला. बापूकाकांची खळी भरली.

"आंबट झालाय का? बघते हं." चट्ट! मावशीने चाखला.

मग स्वतःची खळी भरली.

"गोड झालाय का? बघते हं." चट्ट! पुन्हा चाखला.

रेवूची खळी भरली.

"फार आंबट तर नाही ना? बघतेच हं." चट्ट! चट्ट!

आता आली टिचकीची पाळी. मावशी वाटीत बघते तर काय? ठणठणगोपाळ!

"अगं बाई! चाखता चाखता संपलाच की!" मावशीने जीभ चावली.

टिचकीने आपल्या खळीत डोकावून बघितलं. रिकामी. अगदी रिकामी. तिला रडूच आलं.

"मावशी मावशी, खळी भर ना!"

"भरीन की!" मावशी म्हणाली. "पण लिंबू कुठाय? लिंबू आण, मग खळी भरीन. आणि लवकर ये हं! कढईत मीठ तापतंय."

मावशीकडे भट्टी नव्हती. ती कढईत मीठ तापवायची. मीठ तडतडायला लागलं, की बिस्किटांची ताटली आत ठेवायची. वर झाकण. झाली भट्टी!

"मीठ तडतडलं, की ताटली आत," मावशी म्हणाली. "ताटली एकदाच जाते. रिकाम्या खळीचं बिस्कीट बाहेर राहतं."

बाहेर? एकटंच? नको गं बाई! टिचकी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु!

परसात होतं लिंबाचं झाड. झाड म्हणालं, "टिचके टिचके, घाई कसली?"

टिचकी म्हणाली,

"बिस्कीट माझं रिकामं.
मावशी म्हणे, लिंबू आण.
झाडा झाडा, लिंबू दे ना!"

झाड म्हणालं, "देईन की! पण तहान लागलीय. पाणी आण, मग लिंबू देईन."

आणि स्वयंपाकघरातून आवाज आला. तड!

टिचकी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु!

नळापाशी होती झारी. भरलेली, काठोकाठ. झारी म्हणाली, "टिचके टिचके, घाई कसली?"

टिचकी म्हणाली,

"बिस्कीट माझं रिकामं.
मावशी म्हणे, लिंबू आण.
झाड म्हणे, पाणी आण.
झारी झारी, पाणी दे ना!"

झारी म्हणाली, "देईन की! पण माझ्या तोंडात गोगलगाय झोपलीय. पाणी येणार कुठून? गोगलगाय उठव, मग पाणी देईन."

तड! तड!

टिचकी झारीवर चढली. सरसर सरसर!

गोगलगायीने एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला. सावकाश हं, अगदी सावकाश. ती म्हणाली, "टिचके... टिचके... घाई... कसली?"

टिचकी म्हणाली,

"बिस्कीट माझं रिकामं.
मावशी म्हणे, लिंबू आण.
झाड म्हणे, पाणी आण.
झारी म्हणे, गोगलगाय उठव.
गोगलगायी, गोगलगायी, ऊठ ना!"

गोगलगाय म्हणाली, "उठेन... की! पण... भूक... लागलीय. पालकाचं... पान आण... मग... उठेन."

बोलून झालं आणि पुन्हा डोळे मिटले. काय म्हणावं हिला!

तड! तड! तड!

टिचकी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु!

पालकाच्या वाफ्यात कोण बसलं होतं? कोंबडी! पंख पसरून, ऐसपैस. एक पान दिसेल तर शपथ. कोंबडी म्हणाली, "टिचके टिचके, घाई कसली?"

टिचकी म्हणाली,

"बिस्कीट माझं रिकामं.
मावशी म्हणे, लिंबू आण.
झाड म्हणे, पाणी आण.
झारी म्हणे, गोगलगाय उठव.
गोगलगाय म्हणे, पान आण.
कोंबडी कोंबडी, सरक ना!"

कोंबडी म्हणाली, "सरकेन की! पण पोटात कावळे ओरडतायत. ज्वारी आण, मग सरकेन."

कोंबडीच्या पोटात कावळे! आहे की नाही गंमत? पण टिचकीला कुठलं हसू येतंय?

तड तड! तड तड!

टिचकी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु!

ओटीवर होता ज्वारीचा डबा. पत्र्याचा, उंचच उंच. डबा म्हणाला, "टिचके टिचके, घाई कसली?"

टिचकीला धाप लागली होती. तरी तिने सगळं सांगितलं. म्हण बघू तिच्याबरोबर,

"बिस्कीट माझं रिकामं.
मावशी म्हणे, लिंबू आण.
झाड म्हणे, पाणी आण.
झारी म्हणे, गोगलगाय उठव.
गोगलगाय म्हणे, पान आण.
कोंबडी म्हणे, ज्वारी आण.
डब्या डब्या, ज्वारी दे ना!"

डबा म्हणाला, "देईन की! पण झाकण घट्ट बसलंय. मला वाजव, मग ज्वारी देईन."

टिचकीने डबा वाजवला. टिक टिक. झाकण हललंसुद्धा नाही. शेपटीने वाजवला. टुक टुक. छे!

"असं नाही गं," डबा म्हणाला. "धडाम धुडुम वाजवायला हवं."

धडाम धुडुम कोण वाजवतं या घरात? ताट वाजवतं कोण? बादली वाजवतं कोण? रेवू! दुसरं कोण!

तड तड तड! तड तड तड!

टिचकी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु!

दाराच्या मागे बसली होती रेवू. गाल फुगलेले. ओठ बाहेर. हाताची घडी. तिने विचारलंच नाही, घाई कसली म्हणून.

टिचकीने आपणहून सांगितलं,

"बिस्कीट माझं रिकामं.
मावशी म्हणे, लिंबू आण.
झाड म्हणे, पाणी आण.
झारी म्हणे, गोगलगाय उठव.
गोगलगाय म्हणे, पान आण.
कोंबडी म्हणे, ज्वारी आण.
डबा म्हणे, मला वाजव.
रेवू रेवू, डबा वाजव ना!"

रेवू म्हणाली, "नाही! कट्टी! मला बिस्कीट हवंय. आत्ता हवंय. बिस्कीट आण, मग वाजवीन."

अरे देवा! आता आली का पंचाईत! बिस्कीट आणायचं कुठून? बिस्किटं तर अजून कच्चीच होती.

टिचकी मटकन खाली बसली. पाय दुखले होते. डोळ्यांतून पाणी आलं. टप टप टप.

रेवूने तिरक्या डोळ्याने बघितलं. "तू का रडतेस?"

"माझ्याकडे नाही गं बिस्कीट," टिचकी म्हणाली. "मीसुद्धा वाटच बघतेय."

"तूसुद्धा?"

"मीसुद्धा."

"मला नाही आवडत वाट बघायला," रेवू म्हणाली.

"मला तरी कुठे आवडतं!"

मग टिचकीने नाक पुसलं. आपलं इवलंसं बोट पुढे केलं.

"आपण दोघी मिळून वाट बघूया? बट्टी?"

रेवूने बोटाकडे बघितलं. केवढंसं ते बोट! तिला हसू फुटलं. तिने बोटाला बोट लावलं.

"बट्टी!"

आणि रेवू उठली. टिचकीला खांद्यावर घेतलं. धावली ओटीवर, दुडूदुडू दुडूदुडू!

रेवूने डबा वाजवला. धडाम धुडुम! धडाम धुडुम! झाकण उडालं. टण्ण!

डब्याने ज्वारी दिली.

ज्वारी दिली कोंबडीला. टक टक टक, फस्त! कोंबडी सरकली. वाफ्यात मिळालं पान.

पान दिलं गोगलगायीला. कुर्रम... कुर्रम... कुर्रम... खा गं बाई लवकर! खाल्लं एकदाचं! गोगलगाय उठली. झारीचं तोंड मोकळं झालं.

झारी कलंडली. झर झर झर! पाणी गेलं झाडाला. झाड प्यायलं, गटगट गटगट. मग अंग हलवलं, सळसळ सळसळ.

धप्प! पडलं लिंबू. पिवळंधमक! टिचकीपेक्षाही मोठं!

टिचकीने ढकललं. गडगड गडगड. पण पायरी आली. लिंबू पायरीशी अडलं. टिचकीने जोर लावला. ढिम्म!

तड तड तड तड! तड तड तड तड!

"मीठ तडतडलं!" टिचकी ओरडली. "ताटली गेली! माझं बिस्कीट राहिलं!"

"मी आणते!" रेवू म्हणाली. तिने लिंबू उचललं, दोन्ही हातांनी. टिचकी खांद्यावर, लिंबू हातात. दुडूदुडू दुडूदुडू!

मावशीने ताटली उचललीच होती. झाकण काढलंच होतं.

"थांब! थांब! थांब!" दोघी ओरडल्या.

मावशी थांबली. लिंबू बघितलं. टिचकीला बघितलं. तिच्या मिशांवर धूळ, पायांना चिखल.

"आणलंस? खरंच आणलंस? शाब्बास गं माझी वाघीण!"

मावशीने गॅस बारीक केला. ताटली खाली ठेवली. लिंबू कापलं, कच्च! पिळलं, चुर्र! साखर घातली, लोणी घातलं. ढवळलं, ढवळलं, ढवळलं. झाला पाक! पिवळा पिवळा. आंबट आंबट. गोड गोड.

मावशीने चमचा भरला. टिचकीच्या खळीवर धरला. सगळे वाकून बघू लागले. बापूकाकाही आले.

टप!

एक थेंब. खळी भरली. काठोकाठ!

मावशीने चमच्यात बघितलं. चमचा तर भरलेलाच! मग खळीत बघितलं. "अगं टिचके, एकच थेंब लागला की! या एका थेंबासाठी एवढी धावलीस?"

"माझी खळी एवढीशीच आहे ना, मावशी," टिचकी म्हणाली. "पण रिकामी होती ना गं."

मावशी खाली वाकली. तिने टिचकीच्या डोक्यावरून बोट फिरवलं. हळूच, हळूच.

मग ताटली गेली कढईत. वर झाकण. टिचकी आणि रेवू बसल्या वाट बघत. दोघी मिळून. जवळ जवळ.

वास सुटला. मस्त, खमंग! झाकण निघालं. बिस्किटं झाली होती सोनेरी सोनेरी. मावशीने ती गार केली. फू फू फू!

बापूकाका म्हणाले, "टिचके, दमलीस ना? माझं बिस्कीट घे. मोठ्ठं आहे बघ!"

"नको काका," टिचकी म्हणाली. "मला माझंच हवंय."

तिने आपलं बिस्कीट उचललं. सगळ्यात छोटं. दोन्ही पंजांत धरलं.

कुडुम!

आंबट! टिचकीचे डोळे मिटले.

गोड! टिचकीचे डोळे उघडले.

कुडुम कुडुम कुडुम! टिचकी खात राहिली. एक कणसुद्धा उरला नाही.

वाटी चाटली, ताटली पुसली,
गोष्ट आमची पोटात बसली!