पट्टी सुटल्यावर

फार पूर्वीची गोष्ट. मोतीबिंदू काढणारे एक वैद्य आपल्या शिष्याला घेऊन गावोगाव हिंडत. देवळाच्या ओट्यावर बसायचं, सुईने डोळ्यातला पडदा सारायचा, पट्टी बांधायची आणि "आठवड्याने सोडा" असं सांगून पुढचं गाव गाठायचं. पट्टी सुटेपर्यंत थांबायची पद्धतच नव्हती. लोक पाया पडत, मग शंका तरी कुणाला यावी?

शिष्याचा हात गुरूपेक्षाही हलका होता, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. अशात एक दिवस निरोप आला. आईच्या माघारी ज्या थोरल्या बहिणीने त्याला वाढवलं, तिचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेले होते. तिने कळवलं होतं, "दुसऱ्या कुणाचा हात नको. तूच ये."

परक्यांच्या डोळ्यांत त्याने बेधडक सुई घातली होती. पण त्यांची पट्टी सुटल्यावर काय झालं, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

"गुरुजी, मागच्या गावांवरून जातो ताईकडे."

"खुळा की काय तू? एखादा डोळा बिघडलेला दिसला, तर हात थरथरेल. मग ताईचं काय करशील?"

हे काही खोटं नव्हतं. तरी तो निघाला.

पहिल्याच गावात एका म्हाताऱ्या कुंभाराने त्याला मिठी मारली. त्याला लख्ख दिसत होतं. शिष्याचा जीव भांड्यात पडला. पण शेजारच्या घरातल्या बाईचा डोळा पार खोल गेला होता.

"पट्टीखाली पू झाला, वैद्यबुवा. तुमचा काय दोष, माझंच नशीब," असं म्हणत तिने त्याच्यापुढे गूळपाणी ठेवलं.

पुढे प्रत्येक दार वाजवताना त्याची छाती धडधडे. तरी तो विचारीच, दिसतं का, कधीपासून दुखायला लागलं, रांगेत कितवे बसला होता? हळूहळू उलगडलं. सकाळी पहिले बसलेले बहुतेक बरे होते. बिघडलेले डोळे मागून बसलेल्यांचे होते. उकळलेली सुई पहिल्याच्या वाट्याला यायची, पुढच्यांसाठी ती नुसती धोतराला पुसलेली असायची. तो शेताच्या बांधावर बसून ढसाढसा रडला.

ताईच्या दारात पोचल्यावर वाटलं, गप्प बसावं. हिला कशाला घाबरवायचं? पण राहवलं नाही.

"ताई, माझ्या हाताने काहींचे डोळे गेलेत. का गेले ते कळलंय असं वाटतं. पण खात्री नाही."

ताई म्हणाली, "हे लपवलं असतंस, तर मी बसले नसते. कर. पण आधी एकच डोळा हं."

त्याने सुई चांगली उकळली, हात धुतले आणि डोळा केला. यावेळी तो तिथेच राहिला. ताई नुसती कुशीवर वळली, तरी त्याचं काळीज लक्कन हले. अखेर पट्टी सोडायचा दिवस आला, आणि गाठ काही त्याच्या बोटांना सुटेना.

पट्टी पडली. ताईने पापण्या उघडल्या, मिटल्या, पुन्हा उघडल्या.

"अरे, केवढा वाळलास रे!"

त्याला हसूही आलं आणि रडूही. मग तो उठला आणि त्याने दुसऱ्या डोळ्यासाठी सुई उकळायला ठेवली.

तात्पर्य: हात सफाईने चालला म्हणजे काम झालं असं नाही. तो ज्याच्यावर चालला त्याचं पुढे काय झालं, हे भीत भीत का होईना, जाऊन विचारावं. पुढचा माणूस त्यानेच वाचतो.