लाल चिंधीचे पोते

फार पूर्वी, नदीवर पूल बांधता येतो हे अजून कोणाच्या डोक्यातही आले नव्हते, तेव्हा एका रुंद नदीच्या काठी नावाड्यांचे एक गाव होते. अलीकडे गाव, पलीकडे मोठा बाजार, आणि मधल्या पाण्यावर गावाची चूल चालायची.

त्या गावात एक जुनी रीत होती. पाच खेपा नावाड्याच्या आणि सहावी राजाची. सहाव्या खेपेला नावेच्या टोकाला लाल चिंधी बांधायची. ती दिसली की उतारू भाडे नावाड्याच्या हातावर न ठेवता घाटावरच्या दगडी रांजणात टाकत. त्या पैशांतून राजा घाट दुरुस्त करी आणि पुरात अडकलेल्यांना जेवू घाली. या रीतीबद्दल कोणी कुरकुर करत नसे. सहावी खेप कधी हातात येतच नसे, त्यामुळे ती गेली असे कोणाला वाटतही नसे.

गावात एक विधवा नावाडीण होती. सगळे तिला आत्या म्हणत. आत्या हाडाची संशयी. दूध आले की आधी वास घेई, चटईवर बसण्याआधी ती उचलून पाही, आणि कोणी जरा जास्त गोड बोलले की तिचा हात आपोआप कमरेच्या चंचीवर जाई. तिला तसे कारणही होते. ती लहान असताना राजाची माणसे तिच्या बापाची नाव मिरवणुकीसाठी दोन दिवस म्हणून घेऊन गेली. नाव परत आली ती तळ फुटून, आणि ती कोणी नेली होती हे वाड्यावर कोणालाच आठवत नव्हते.

एके वर्षी नदीपलीकडे तापाची साथ आली. राजाने दवंडी पिटवली की सगळ्या नावा काठावर ओढून ठेवाव्यात. नाव चालली तर ताप नदी ओलांडेल. नावाडी घाबरले. नाव काठावर म्हणजे चूल थंड. पण दवंडीवाल्याने पुढचेही सांगितले. तुम्ही थांबलात तर राज्य वाचेल, म्हणून तुमची चूल राजा पेटती ठेवेल. दर बाजाराच्या दिवशी प्रत्येक नावेमागे धान्याचे एक पोते मिळेल.

आणि खरोखरच पोती आली. एक गोरटेला, हसतमुख कारकून बैलगाडीतून ती घेऊन आला आणि दारोदार उतरवू लागला. लोकांनी राजाचा जयजयकार केला. आत्या दारात हाताची घडी घालून उभी राहिली.

"कारकूनदादा, एवढं सांगा," ती म्हणाली. "हे दान आहे, कर्ज आहे की मजुरी?"

कारकून हसला. "आत्या, आधी पोटभर खा. प्रश्न काय, नंतरही विचारता येतात."

पुढच्या बाजाराला तिने तेच विचारले. त्याने सांगितले, वरून काही कळवलेले नाही. त्याच्या पुढच्या बाजाराला तो तिच्या दारापाशी पोते उतरवून, बैलांना हाकत जरा घाईनेच पुढे गेला.

मग सहावे पोते आले. आधीच्या पाचांसारखेच, तेवढेच भरलेले. आत्या त्याच्याभोवती दोनदा फिरली. उभ्या आयुष्यात सहावे असे कधी तिच्या वाट्याला आले नव्हते. राजा सहावी खेप सोडत नाही, मग सहावे पोते कसे सोडेल? तिने पेटीतून नावेची लाल चिंधी काढली, पोत्याच्या तोंडाला बांधली आणि पोते माळ्यावर चढवले.

ही गोष्ट गावभर झाली. आत्याकडे राजा जेवायला येणार आहे, तिने त्याच्यासाठी वेगळा शिधा काढलाय, असे पोरे ओरडू लागली. बाकीच्यांनी मात्र सहावे पोतेही उघडले. एकाने ते विकून मुलीच्या लग्नाचा मांडव घातला. दुसऱ्याने पाहुणे जेवू घातले. ते काही उधळे नव्हते. दारात उतरवलेले पोते आपले, इतका साधा त्यांचा समज होता.

टेकडीवर पाथरवट राहत. त्यांचे काम साथीतही थांबले नव्हते. आजाऱ्यांना वेगळे ठेवायला राजा अलीकडच्या काठावर भिंत बांधत होता आणि हे उन्हात दगड फोडत होते. त्यांच्या मजुरीतला सहावा हिस्सा मजुरी हातात पडायच्या आधीच कापला जाई. त्यांचा म्हातारा म्होरक्या पाण्याला घाटावर आला की टोमणा मारल्याशिवाय जात नसे.

"मजा आहे बाबा," तो म्हणे. "आम्ही फोडायचं आणि सहावा द्यायचा. तुम्ही बसायचं आणि सहावाही खायचा."

नावाडी चिडत. आत्या मात्र त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राही. हा जे बोलतोय ते वाड्यावर कोणी बोलत नसेल कशावरून, असे तिला वाटे. मग ती माळ्यावर चढून चिंधीची गाठ तपासून येई.

आत्याच्या शेजारी एक सून राहत होती. तिचा नवरा नावेला लावायचे डांबर आणायला दुसऱ्याच्या नावेतून पलीकडे गेला, आणि त्याच दिवशी नावा बंद झाल्या. तेव्हापासून तो तिकडे आणि ही इकडे. घरात आंधळी सासू, विधवा नणंद आणि पाठोपाठची चार पोरे. आत्या एकटी, तिला पोते बाजारापर्यंत पुरे. सुनेचे पोते बाजार भरायच्या आधीच तळाला जाई. पण राजाने माप नावेला लावले होते, तोंडांना नाही.

एका दुपारी सून रिकामे सूप घेऊन आत्याच्या दारात आली. धाकट्याला पेज पाजायलाही काही नाही, म्हणाली. आत्याच्या घरातले उघडे पोते त्या दिवशी संपत आले होते. माळ्यावर मात्र लाल चिंधी बांधलेली पोती होती. तोवर सहावे आणि बारावे अशी दोन झाली होती.

"आत्याबाई, वर आहेत ना?" सुनेने वर बघत विचारले.

"ती माझी नाहीत गं," आत्या म्हणाली.

"मग कोणाची?"

कोणाची ते आत्याला कोणी सांगितलेच नव्हते. तिने उघड्या पोत्यातले उरलेले पसाभर धान्य सुपात टाकले आणि नजर चुकवली. सून सूप घेऊन निघून गेली. त्या दिवसापासून भिंतीपलीकडे धाकटे पोर रडू लागले की आत्याची नजर माळ्याकडे जाई, आणि ती कूस बदलून निजे.

शेवटी साथ ओसरली. पुन्हा दवंडी आली. लोक हसत-नाचत घाटावर धावले आणि दवंडी ऐकून जागच्या जागी थांबले. नावा आता पाण्यात घालाव्यात. पण त्याआधी प्रत्येक नावेने मिळालेल्या धान्याचा सहावा हिस्सा भरावा. पौर्णिमेपर्यंत जो भरणार नाही त्याच्या नावेचा लिलाव होईल.

घाटावर एकच गलका झाला. हे आधीच ठरलेले होते, असे कोणी म्हणाले. नावा बळकवायच्या म्हणूनच आपल्याला खाऊ घातले, असे दुसऱ्याने सांगितले. पाथरवटांनीच कान भरले असणार, असे तिसऱ्याला वाटले. गावात जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेने पाहू लागला.

पौर्णिमेला आत्याने आपली दोन्ही पोती हातगाडीवर घातली आणि घाटावर आणली. इतके दिवस लोक तिला हसले होते. आज ती मान ताठ करून चालत होती. घाटावर तोच कारकून बसला होता. आज तो हसत नव्हता. पण लाल चिंध्या पाहताच त्याचा चेहरा खुलला. तो उठून उभा राहिला आणि गावकऱ्यांकडे वळला.

"बघा," तो म्हणाला. "या बाईला कळलं. मग तुम्हालाच का कळलं नाही?"

आयुष्यात पहिल्यांदा राजाच्या माणसाने आत्याचे कौतुक केले. तिचा हात कमरेच्या चंचीवर गेला. हा गोड का बोलतोय? तिने वळून पाहिले. मांडव घातलेला बाप खाली मान घालून उभा होता. त्याच्यामागे सून होती, हातात धान्याचे एक लहान गाठोडे घेऊन. तेवढेच तिच्या घरात उरले होते.

"आत्याबाई," सून हळूच म्हणाली, "ते परत आले आणि नाव दिसली नाही, तर त्यांना काय सांगू मी?"

आत्याने हातगाडी ढकलत सुनेच्या पुढ्यात नेली.

"कारकूनदादा, ही दोन पोती हिच्या नावेची म्हणून घ्या."

"आणि तुझी नाव?"

"बांधा. बांधलेल्या नावेतून सहावी खेप कशी निघते, तेवढं मला बघायचंय."

कारकुनाने समजावले, मग दटावले. आत्या हलली नाही. अखेर बाकी सगळ्या नावा लिलाव होईपर्यंत साखळीने राजघाटाला बांधल्या गेल्या आणि गावातली एकच नाव पाण्यात उतरली. सुनेला धारेत वल्हे मारता येत नव्हते, म्हणून वल्ह्यावर आत्या बसली. पहिल्याच खेपेला तिने सुनेचा नवरा आणला. तो वाळून काडी झाला होता, पण डांबराचे मडके त्याने सोडले नव्हते.

एवढ्या मोठ्या नदीवर एकच नाव. दोन्ही काठांवर माणसे, शेळ्या, भाजीच्या पाट्या यांची रांग लागली. भाजी काठावरच सुकली. टेकडीवरचे, आता पलीकडे न्यायचे घडवलेले दगड तसेच पडून राहिले, आणि दगड पोचल्याशिवाय पाथरवटांची मजुरी निघेना. घाटावरचा रांजण जवळजवळ रिकामाच राहिला.

त्या रांगेत एक दिवस राज्याचे दिवाण उभे होते. पलीकडचा आजाऱ्यांचा तळ पाहून राजधानीला परतायचे होते. उन्हात ताटकळल्यावर त्यांची पाळी आली आणि एका शेळीशेजारी त्यांना जागा मिळाली. नावेत पाथरवटांचा म्होरक्याही होता. टोकाला लाल चिंधी फडफडत होती.

"बाई, बाकीच्या नावा कुठे गेल्या?" नाव मध्यावर आल्यावर दिवाणांनी विचारले.

आत्याने वल्हे थांबवले. दिवाण आता उठून कुठे जाऊ शकत नव्हते. तिने त्यांना पहिल्या पोत्यापासून पौर्णिमेपर्यंतचे सगळे सांगितले.

"पण सहावा हिस्सा तर न्याय्यच आहे," दिवाण म्हणाले. "या पाथरवटांनी घाम गाळून दिला. तुम्ही बसून खाल्लंत आणि द्यायचा नाही?"

"अगदी बरोबर," म्होरक्या म्हणाला.

"द्यायचाच," आत्या म्हणाली. "सहावा राजाचा, त्यावर माझं भांडण नाही. पण याचा सहावा तुम्ही कधी कापता? मजुरी हातात पडायच्या आधी. आमचा मागितलात कधी? पोरांच्या पोटात गेल्यावर. आणि ज्या घरात पोतं पुरलंच नाही, त्या घराकडेही तेवढाच मागितलात."

"तुम्हाला तर कळलं होतं."

"मी संशयी आहे म्हणून कळलं. जो कायदा फक्त संशयी माणसालाच पाळता येतो, तो कायदा नव्हे, दिवाणजी, तो सापळा आहे. आणि सापळ्याच्या भीतीनं मी शेजारच्या पोराला पेज दिली नाही. तुमच्या कारकुनानं पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं, तर सहावं तुम्हाला घाटावरच देऊन टाकलं असतं. उरलेलं नक्की माझं आहे हे मला कळलं असतं. मग मी त्यातून मोकळ्या हातानं दिलं असतं."

शेळी ओरडली.

"हा कट नव्हता," दिवाण म्हणाले.

"मग काय होतं?"

"लोक जयजयकार करत होते. अशा वेळी कराची गोष्ट कोणी काढायची? जो तो म्हणाला, नंतर बघू."

"नाव हाक बाई," म्होरक्या म्हणाला. "आणि दिवाणजी, त्यांच्या नावा सोडा. माझे दगड पडून आहेत."

काठावर उतरल्यावर दिवाणांनी आपले भाडे रांजणात टाकले. जवळजवळ रिकाम्या रांजणाच्या तळावर नाणे वाजलेले सगळ्यांनी ऐकले. त्याच दिवशी साखळ्या सुटल्या. धान्याचा सहावा हिस्सा माफ झाला नाही. पण तो नावा चालू लागल्यावर थोडाथोडा, खेपांमधून वळता झाला. ज्या घरांत तोंडांच्या मानाने पोते पुरले नव्हते, त्यांच्याकडून काहीच घेतले नाही.

काही वर्षांनी मोठा पूर आला आणि नावा पुन्हा काठावर ओढाव्या लागल्या. पुन्हा बैलगाडी आली. कारकून तोच, आता केस पिकलेला. या वेळी माणसे मोजून माप होते, आणि गाडीत मागे काही पोती वेगळी ठेवली होती. त्यांच्या तोंडाला लाल चिंध्या होत्या.

आत्या दारात हाताची घडी घालून उभी होती. तिने विचारायच्या आधीच तो म्हणाला, "मजुरी आहे, आत्या. थांबण्याची मजुरी. मजुरीचा सहावा राजाचा, तो मागे गाडीतच ठेवलाय. दारात उतरवलं ते सगळं तुझं."

आत्याने मान डोलावली. मग पोते उघडले आणि कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपला. खडे नव्हते. तिने सूप भरले आणि भिंतीपलीकडे हाक मारली.

तात्पर्य: संकटात दिलेल्या मदतीवर कर घेणे अन्याय नाही, पण तो देतानाच सांगावा, तेव्हाच कापावा आणि ज्याला झेपेल त्याच्याकडूनच घ्यावा. घास गिळल्यावर मागितलेला हिस्सा कितीही न्याय्य असला तरी लोकांना लुबाडल्यासारखेच वाटते, आणि त्या संशयात शेजारचे मूल उपाशी निजते.