कवच टणक होईपर्यंत

फार पूर्वी, खाडीला अजून नाव पडायचं होतं तेव्हा, अलीकडच्या काठावर तांबाजी नावाच्या म्होरक्याचे मोठे खेकडे राहत आणि पलीकडच्या काठावर इवल्या चिंबोऱ्या. एका वर्षी मोठ्या खेकड्यांनी जुनी कवचं टाकली. नवी अजून सायीसारखी मऊ होती आणि नेमकं तेव्हाच एक कोवळं पाणमांजर खाडीत शिरलं.

"पलीकडचा काठ तू घे, इकडे मात्र येऊ नकोस," तांबाजी बिळाच्या तोंडातून म्हणाला. पाणमांजराने मान डोलावली.

ओहोटीला चिंबोऱ्यांची म्होरकी पुळणी धावत आली. "दादा, आमच्या नांग्या लहान आहेत, पण आज टणक आहेत. ते अजून पिल्लू आहे. तुम्ही नुसते मागे उभे राहा."

"आम्हाला वेळ हवाय गं," म्हणत तांबाजी बिळात शिरला.

दोन उधाणं आली नि गेली. तांबाजीचं कवच असं झालं, की दगडावर आपटलं तर दगडाचा टवका उडावा. सगळे खेकडे नांग्या उगारून बाहेर आले, तेव्हा त्याचा ऊर भरून आला.

मग पाणी दुभंगलं. पाणमांजर वर येत राहिलं, येतच राहिलं. त्याच्या सावलीत अख्खा काठ बुडाला. तांबाजी थक्क होऊन पाहत राहिला. एवढं अंग याने कशावर धरलं?

साथीच्या आशेने त्याने पलीकडे पाहिलं. ओल्या वाळूवर काठभर चिंबोऱ्यांची फोडलेली, रिकामी कवचं चकाकत होती.

"वेळ तर मिळाला," शेजारचा खेकडा पुटपुटला.

"हो," तांबाजी म्हणाला, "त्यालाही."