लुंबाझीच्या काठी ओ का देतात

त्या सकाळी काळ्या खडकावर एकही मासा नव्हता. तेंगेतिले नावाच्या पोरीला पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, असं आफ्रिकेतल्या लुंबाझी नदीकाठची मावुसो आजी पाहुण्यांना सांगते.

खडक अजून तिथेच आहे, खळाळाच्या ऐन धारेत. बोटाएवढे मिशाळ मासे त्याला तोंडाने चिकटून राहतात. पाणी कितीही ओढो, सुटत नाहीत. बाकीच्या वळणांवरून ते केव्हाच संपले, उरले ते इथेच.

तेंगेतिले जात्याच भित्री. पान पडलं तरी दचकायची आणि बापाला हाका मारायची. ‘मगर! मगर!’ म्हणून वस्ती गोळा करावी आणि निघावा ओंडका. शेवटी तिचा बाप माखोसिनी वैतागला. “हिला ओ देऊ नका रे कुणी. ओ मिळते म्हणून हिची भीती वाढते.” सगळ्या वस्तीने ते पाळलं, म्हणे. दोन हिवाळे तिच्या हाकेला ओ मिळाली नाही.

पण मासे गेले कुठे? त्या दिवशी भीतीपेक्षा कुतूहल मोठं निघालं. ती वाकून शोधत गेली, तर काठावरच्या दरडीला, पाण्यापासून हातभर वर, ओल्या दगडावर ते रांगेने चिकटलेले! एकेक जण तोंड सोडी, शेपूट मारी, थोडा वर सरके. डोक्यावर आभाळ निरभ्र. मग हे पळताहेत कशापासून? तिने नदीच्या उगमाकडे पाहिलं. डोंगर ढगांनी काळाठिक्कर पडला होता.

बाप नदीच्या मधल्या एका खडकावर बसून मासे धरायची टोपली वेलीने बांधत होता.

“बाबा, पाणी येतंय!”

पलीकडच्या काठावरच्या बाया एकमेकींत हसल्या. “आज काय गं, मगर की ओंडका?”

बापाने मानसुद्धा वर केली नाही. तिने सात हाका मारल्या, असं सांगतात. मग जिने कधी घोटा भिजवला नव्हता, ती पाण्यात उतरली. गुडघाभर. कंबरभर. पायाखालचा दगड हलला.

लोंढा त्या दुपारी आला, टोपल्या घेऊन गेला. माणूस एकही गेलं नाही. आजही लुंबाझीकाठी हाक ऐकू आली, मग ती पोराची असो की थट्टेतली, हातातलं काम टाकून ओ देतात. आणि त्या माशांच्या वाटेला टोपली लावत नाहीत.

कंबरभर पाण्यातून तिने पुन्हा एकदा “बाबा!” म्हटलं, तेव्हा खडकावरच्या माणसाने मान वर केली. टोपली हातातून सुटली.

“ओ, पोरी! हललीस तर बघ! आलो!”