येसूबाईची अर्धी गाय

कुसळवाडीच्या ओढ्याकाठी एका छपरीत श्रीदावेनाथ महाराजांचा मुक्काम होता. अंगावर पंचा आणि खांद्यावर गाईचं जुनं दावं. जवळ गाय मात्र नाही. कुणी विचारलंच, तर महाराज हसून म्हणत, "बांधणारा तो. आम्ही नुसतं दावं वागवतो."

त्याच गावात येसूबाई राहत असे. महाराजांच्या छपरीपुढे सडा घातल्याखेरीज ती तोंडात पाणी घेत नसे. तिच्या दारातली तांबू गाय हैबतराव इनामदारांनी तिला अर्धेलीनं दिलेली. म्हणजे वैरणपाणी, शेणगोठा सारा येसूबाईनं करायचा, आणि गाय, वासरं, दूध दोघांचं निम्मं निम्मं.

तांबूचे दिवस भरत आले तशी इनामदारांनी ती आपल्या गोठ्यात नेली. म्हणाले, "तुझ्या दारात हिची हाडं मोजून घ्यावीत! इनामदाराची गाभण गाय कशी फुगलेली दिसली पाहिजे." दोन महिने सरकी आणि पेंड, आणि जागचं हलणं नाही. येसूबाई कुंपणाशी येऊन सांगे, "सरकार, इतकं नका चारू. जरा हिंडू द्या तिला." गडी खो खो हसत.

तांबू व्याली, कालवड झाली. पण तिसऱ्या दिवसापासून ती गव्हाणीला तोंड लावीना. दूध आटलं, डोळे पिवळे पडले, श्वासाला पिकून उतरलेल्या फळांसारखा गोड वास येऊ लागला. पाचव्या दिवशी बसली ती उठेचना.

"परवा बाजार आहे. गाडीत घाला आणि द्या व्यापाऱ्याला," इनामदार म्हणाले.

येसूबाई गाईपुढे आडवी उभी राहिली. "सरकार, अर्धी गाय माझी आहे. तुमची अर्धी खुशाल न्या. माझी अर्धी इथून हलायची नाही!"

"कुठली ग तुझी अर्धी? पुढची का मागची?"

"तोंडाकडची. तोंड खाईना म्हणून तर तुम्ही टाकलीत ना?"

गडी तोंड फिरवून हसले. इनामदार मात्र भडकले. "बोलाव तुझ्या त्या दावंवाल्या गोसाव्याला! परवा दुपारपर्यंत उठली तर तुझं खरं. नाहीतर गाडी भरणार."

महाराज आले. तांबूच्या उजव्या बरगड्यांखाली हात ठेवून बराच वेळ डोळे मिटून बसले.

"बाई, ही लठ्ठ दिसते, पण उपाशी आहे. दुधापायी अंगावरची चरबी वितळली आणि काळजात, म्हणजे यकृतात, जाऊन दाटली. काळीज थकलंय हिचं. गुळाचं पाणी थोडं थोडं पाज. कोवळी हरळी हातानं भरव. हिची कूस बदलत राहा."

मग महाराजांनी दाव्याचं एक टोक तांबूच्या गळ्यात बांधलं, दुसरं आपल्या. "ही खाईल तेव्हा आम्ही खाऊ."

दुसऱ्या दिवशी गुळाचं पाणी पाजताना येसूबाई चमकली. तांबूचे डोळे निवळले होते, श्वासाचा वास गेला होता. तिनं वळून पाहिलं, तर महाराजांचे डोळे हळदीसारखे पिवळे, आणि तोच गोड वास आता त्यांच्या श्वासाला!

"महाराज, हे काय हो केलंत?"

"काही नाही ग. तिचं दुखणं अर्धेलीनं घेतलंय."

येसूबाईनं हातातली पितळी घट्ट धरली. पाणी तिनं सांडू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी गोठ्याच्या दारात आली. गडी पुढे सरसावले, तशी येसूबाई म्हणाली, "हात लावून बघा!" तिच्या आवाजानं की महाराजांच्या दाव्याला बसलेल्या हिसक्यानं, कोण जाणे, तांबूनं अंग झाडलं. आधी मागची अर्धी उठली, मग पुढची. उभी राहिली आणि येसूबाईच्या ओंजळीतली हरळी कुरूकुरू खाऊ लागली!

इनामदार महाराजांजवळ आले. ते डोळे त्यांनी पाहिले, तो वास ओळखला आणि डोक्यावरचा फेटा काढला.

"माझ्या दिमाखाचं दुखणं तुम्ही भोगलंत, महाराज. येसू, माझीही अर्धी आजपासून तुझी."

"दान नको, सरकार. अर्धेली ती अर्धेलीच. फक्त गाभण गाईला तुमच्या गोठ्याचं तोंड पुन्हा दाखवायचं नाही."

"नाही दाखवणार, बाई."

महाराजांनी गळ्यातलं दावं सोडलं. "चल, येसू, आता भाकरी आण. हिनं खाल्लं, आता आम्ही खातो." बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतलं पिवळेपण मावळलं. इनामदारांनी त्यांच्या पायांवर डोकं टेकलं, तशी वाकलेल्या त्या उघड्या डोक्यावरून तांबूनं सावकाश जीभ फिरवली.